ढिगाऱ्यावर कोणता कुत्रा चढवायचा?

“आमचा टॉमी घरात कुठेही लपवलेलं बिस्किट शोधून काढतो. भूकंपात गाडली गेलेली माणसं तो शोधेल का?” कुत्रा पाळणारी बहुतेक माणसं कधी ना कधी हा प्रश्न विचारतात. नुसत्या वासापुरतं बोलायचं तर टॉमी नक्की शोधेल. तरीही शोध व बचाव पथकाच्या निवडीत दहातले बहुतेक टॉमी पहिल्याच दिवशी घरी परत जातात, आणि त्यात त्यांच्या नाकाचा काहीही दोष नसतो.

6 फेब्रुवारी 2023 रोजी तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला. भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ या नावाने मदत पाठवली. त्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पथकं आणि त्यांची लॅब्रॅडॉर कुत्री होती. गाझियानतेप प्रांतातल्या नुरदागी गावात ज्युली नावाची कुत्री एका ढिगाऱ्यावर भुंकली. मग रोमिओ नावाच्या दुसऱ्या कुत्र्याला तिथेच नेलं, तोही भुंकला. जवानांनी खोदलं आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर आली.

बातम्यांनी ज्युलीच्या नाकाचं कौतुक केलं. मला तिच्या मनाचं जास्त कौतुक वाटतं. कडाक्याची थंडी, परका देश, पायाखाली हलणारे काँक्रीटचे तुकडे, भोवती यंत्रांचा खडखडाट आणि माणसांचा आक्रोश. एवढ्या गोंधळात ती एका अनोळखी मुलीच्या वासाला चिकटून राहिली. असं मन शिकवून थोडंफार घडतं, पण मुळात ते निवडावं लागतं. ते कसं निवडतात आणि कसं तपासतात, ते या प्रकरणात पाहू.

१. हा कुत्रा कुणाचा वास शोधतो?

आपल्याला ओळखीचा असतो तो पोलिसांचा कुत्रा. त्याला चोराची चप्पल किंवा रुमाल हुंगायला देतात आणि तो त्या एकाच माणसाचा माग जमिनीवरून काढत जातो. ढिगाऱ्यावरच्या कुत्र्याला कुणाचीच वस्तू देत नाहीत. खाली कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं. त्याने शोधायचा असतो जिवंत माणूस, मग तो कुणीही असो.

हा वास जमिनीवर नसून हवेत असतो. माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. त्यात घाम आणि श्वास मिसळतो आणि हवेबरोबर सगळं पसरत जातं. देवघरातल्या उदबत्तीचा धूर आठवा. उदबत्तीपाशी तो बारीक रेघेसारखा असतो, पुढे रुंद होतो, आणि खिडकी उघडी असेल तर तिकडे वळतो. उदबत्ती एका खोलीत आणि घमघमाट भलत्याच खोलीत, असंही होतं. कोसळलेल्या इमारतीत हेच घडतं. माणूस एका स्लॅबखाली असतो आणि त्याचा वास वाकड्यातिकड्या फटींतून दहा-पंधरा फुटांवर बाहेर पडतो. कुत्रा भुंकतो ती जागा म्हणजे वास बाहेर येण्याची जागा. तिथून माणूस नेमका कुठे असेल हा अंदाज वाऱ्याची दिशा आणि ढिगाऱ्याची रचना पाहून माणसांनी बांधायचा असतो.

मृतदेह शोधणारी कुत्री वेगळी. त्यांना वेगळ्या वासावर तयार करतात. 30 जुलै 2024 रोजी वायनाडमध्ये दरड कोसळली, तेव्हा केरळ पोलिसांच्या माया आणि मर्फी या कुत्र्यांनी हे काम केलं. त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, 30 जुलै 2014 रोजी, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव चिखलाखाली गेलं आणि 151 माणसं दगावली. इमारत पडते तेव्हा तुळया आणि भिंतींच्या आधाराने आत पोकळ्या राहतात. त्यात माणूस तग धरतो आणि त्याचा वासही बाहेर येतो. ओला चिखल अशा पोकळ्या ठेवत नाही, वासालाही वाट देत नाही. म्हणून दरडीखालचा शोध कुत्र्यांना फार जड जातो. या प्रकरणात आपण जिवंत माणूस शोधणाऱ्या कुत्र्यांपुरतंच बोलू.

२. नाक कुणाचं चांगलं?

अमेरिकेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लाकडाच्या भुशाने भरलेल्या दोन टोपल्या, त्यातल्या एकीत बडीशेपेसारख्या वासाचा अर्क. ज्या टोपलीत वास आहे ती कुत्र्याने उकरायची. स्पर्धक होते जर्मन शेफर्ड, ग्रेहाउंड आणि पग, म्हणजे तो चपट्या नाकाचा, घोरणारा पग. पगांनी जर्मन शेफर्डना मागे टाकलं. ग्रेहाउंड तर बहुतेक सगळे शिकण्याच्या टप्प्यावरच अडले.

यावरून पगचं नाक शेफर्डपेक्षा सरस ठरत नाही. एवढंच कळतं की वासाच्या कामात नाकाइतकाच मोठा वाटा कुत्र्याच्या इच्छेचा असतो. पगांना ते काम करावंसं वाटलं. पग ढिगाऱ्यावर मात्र चालणार नाही, कारण चपट्या नाकाच्या कुत्र्याला उन्हात श्वासच पुरत नाही. कुत्रा अंग थंड ठेवायला तोंडाने धापा टाकतो, आणि धापा टाकताना त्याला नीट हुंगता येत नाही. म्हणूनच आपल्याकडच्या उन्हाळ्यात लांब नाकाच्या, धडधाकट कुत्र्यालाही सकाळी लवकर कामाला लावावं लागतं आणि वीस-तीस मिनिटांनी सावलीत बसवावं लागतं.

थोडक्यात, निवडीच्या वेळी नाकाची वेगळी परीक्षा जवळजवळ कुणी घेत नाही. निरोगी कुत्र्याचं नाक या कामाला पुरून उरतं.

३. चेंडूची परीक्षा

मग परीक्षा कशाची घेतात? एका चेंडूची. ही परीक्षा जगभर थोड्याफार फरकाने सारखीच आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काही सांगून जाते ती हीच.

गुडघाभर गवत वाढलेलं मैदान निवडतात. कुत्र्याला चेंडू दाखवतात, दोन-तीनदा खेळू देतात. मग एकजण कुत्र्याला पट्ट्याने धरतो आणि दुसरा चेंडू लांब गवतात फेकतो. कुत्रा लगेच सोडत नाहीत. त्याचं तोंड उलट्या दिशेला फिरवतात, जागेवर दोन-तीन फेऱ्या मारायला लावतात आणि मगच सोडतात. आता चेंडू दिसत नाही, नेमकी दिशाही नीट लक्षात नाही. उरलं ते नाक आणि जिद्द.

इथून पुढे परीक्षक फक्त बघतो आणि घड्याळ लावतो. एक कुत्रा धावत जातो, अर्धा मिनिट हुंगतो आणि परत येऊन माणसाच्या तोंडाकडे बघतो: ‘सापडत नाही, तू दे.’ दुसरा वाटेत एका झुडपाशी पाय वर करतो, कुणाचं तरी जुनं मूत हुंगत बसतो आणि चेंडू विसरून जातो. तिसरा नाक वर धरून आडवा धावतो, वाऱ्यात वासाची बारीक रेघ लागताच मान झटक्यात वळवतो, चुकतो, पुन्हा मागे येतो. पाच मिनिटं झाली तरी तो मागे वळून बघत नाही. आता परीक्षक गुपचूप असं करतात की चेंडू सापडूच नये. कुत्रा किती वेळ आशा धरतो, हेच त्यांना बघायचं असतं. पुढची पायरी म्हणजे चेंडू लाकडी फळ्यांच्या किंवा विटांच्या ढिगात खोल टाकतात. तिसऱ्या प्रकारचा कुत्रा तोंड खुपसतो, पंजाने उकरतो, पाय अडकला तरी सोडवून पुन्हा तिथेच येतो.

निवडायचा तो हाच. घरी सांभाळायला असा कुत्रा नकोसा होतो, कारण त्याला शांत बसवत नाही आणि सोफ्याखाली गेलेल्या चेंडूसाठी तो सोफा फाडतो. ज्या गुणामुळे घरातली माणसं हात टेकतात, त्याच गुणावर हे काम उभं आहे.

कारण कुत्र्याला संकटाची, मरणाची कल्पना नसते. तो माणूस शोधतो तो चेंडूसाठी. प्रशिक्षणात त्याला पक्कं बिंबवलेलं असतं की लपलेला माणूस सापडला आणि आपण भुंकलो, की तोच माणूस चेंडू देतो आणि खेळतो. खरा ढिगारा मात्र तासन्‌तास काहीच देत नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये कुत्र्यांना जिवंत माणसं मिळेनात आणि त्यांचा उत्साह मावळायला लागला. तेव्हा त्यांचे सोबतीच मुद्दाम लपून बसत, म्हणजे कुत्र्याला ‘सापडलं’चा आनंद मिळे आणि तो पुन्हा कामाला लागे. रिकाम्या हाती किती वेळ टिकेल, हे चेंडूच्या परीक्षेत मोजायचं ते यासाठी.

४. दचकला तर चालेल का?

चालेल. निवडीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. लोकांना वाटतं, बचावकार्याचा कुत्रा कशालाच न भिणारा हवा.

परीक्षेत कुत्र्याच्या मागे अचानक पत्र्याचा डबा आपटतात. त्याला गुळगुळीत फरशीवरून, जाळीच्या जिन्यावरून, हलत्या फळीवरून चालवतात. अंधाऱ्या बोगद्यात पाठवतात. छत्री फाडकन उघडतात. डबा पडला की जिवंत कानांचा कुत्रा दचकणारच. नोंद होते ती त्यानंतरच्या काही सेकंदांची. कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन कुत्रा दूर गेला आणि त्या कोपऱ्याकडे पुन्हा फिरकलाच नाही, तर तो नापास. दचकला, थांबला आणि मग मान पुढे काढून डबा हुंगायला स्वतःहून गेला, तर पास. हलत्या फळीवर पहिल्यांदा पाय लटपटला तरी दुसऱ्या वेळी तो आधीपेक्षा मोकळा चालतो का, हे बघतात. ढिगाऱ्यावर दर दहा मिनिटांनी काहीतरी कोसळत असतं. तिथे किती लवकर सावरतो, यावर सगळं अवलंबून असतं.

मुळीच न दचकणाऱ्या कुत्र्याबद्दल मी तर जरा सावधच राहीन. त्याला धोक्याची जाणीवच नसेल तर हलणाऱ्या स्लॅबवर तो बेधडक उडी मारेल.

याच भागात माणसांशी वागणंही तपासतात. पुरुष, बाई, म्हातारा, लहान मूल, लंगडत चालणारा, घोंगडी पांघरलेला, जमिनीवर आडवा पडून कण्हणारा अशा सगळ्यांकडे कुत्रा आनंदाने जायला हवा. अनोळखी माणसावर गुरगुरणारा कुत्रा राखणीला उत्तम, पण इथे कामाचा नाही. अर्धवट गाडलेल्या, घाबरलेल्या माणसापाशी पहिला पोचणार तो हाच.

५. पिल्लू घ्यावं की तरुण कुत्रा?

पिल्लू सात आठवड्यांचं झालं की त्याच्या काही छोट्या चाचण्या घ्यायच्या, अशी एक पद्धत पाळणाऱ्यांमध्ये फार लोकप्रिय आहे. पाठीवर उताणं धरलं तर किती वळवळतं, हाक मारली तर येतं का, टाळी वाजवली तर काय करतं, अशा चाचण्या. गुणांची बेरीज करून पिल्लाचं भवितव्य सांगतात. स्वीडनमध्ये जर्मन शेफर्डची पिल्लं आठ आठवड्यांची असताना तपासली आणि पुढे मोठी झाल्यावर पुन्हा तपासली. दोन्ही निकालांचा मेळ फारसा बसला नाही, असं 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून दिसलं. मग पिल्लाच्या चाचणीचा उपयोग काय? अगदीच बुजरं किंवा खेळात मुळीच रस नसलेलं पिल्लू बाजूला काढायला ती बरी. त्यापलीकडे तिच्यावर भार टाकू नये.

पिल्लाच्या वयात निवडीपेक्षा संगोपन मोठं असतं. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. या दिवसांत त्याला माणसं, आवाज, जिने, वाहनं, वेगवेगळ्या जमिनी दाखवल्या नाहीत, तर पुढे ती उणीव भरून काढणं कठीण जातं.

म्हणून बरीच पथकं वर्ष-दीड वर्षाचा तरुण कुत्रा पसंत करतात. त्याचा स्वभाव बसलेला असतो. जिद्द, धीर, माणसांची ओढ हे सगळं त्या वयात डोळ्यांनी दिसतं. अमेरिकेत विल्मा मेलव्हिल या निवृत्त शिक्षिकेने याच मार्गाने मोठं काम उभं केलं. 1995 च्या ओक्लाहोमा सिटी स्फोटात त्यांनी आपल्या मर्फी नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्रीसह शोधकार्य केलं आणि प्रशिक्षित कुत्री किती थोडी आहेत हे त्यांना जाणवलं. 1996 मध्ये त्यांनी संस्था काढली. ही संस्था प्राण्यांच्या निवारा केंद्रांतून कुत्री निवडते. घरात आवरत नाहीत म्हणून सोडून दिलेली, चेंडूसाठी वेडी झालेली कुत्री तिथे मिळतात, आणि पुढे हीच कुत्री कोसळलेल्या इमारतींवर चढतात.

६. अंगापिंडाने कसा हवा?

याचं उत्तर थोडक्यात देता येतं. मध्यम बांध्याचा, अडचणीच्या फटीत शिरेल एवढा लहान आणि तुटक्या भिंतीवर चढेल एवढा दमदार. खुब्याच्या सांध्यांचा एक्स-रे काढल्याशिवाय पक्की निवड करू नये. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. वरून धडधाकट दिसणारा कुत्रा दोन वर्षं शिकवून झाल्यावर लंगडायला लागला, तर सगळी मेहनत वाया जाते.

मेक्सिकोच्या नौदलाची फ्रिडा नावाची लॅब्रॅडॉर 2017 च्या भूकंपात गॉगल आणि बूट घातलेल्या छायाचित्रांमुळे जगभर पोचली. तिने कारकिर्दीत 12 जिवंत माणसं शोधली. ती छायाचित्रं पाहून साधनसामग्रीच महत्त्वाची आहे असा लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात ढिगाऱ्यावर कित्येक पथकं गळ्यातला पट्टासुद्धा काढून ठेवतात, कारण तो सळईत अडकू शकतो. पायही उघडेच ठेवतात, कारण पंजाची पकड बुटात मिळत नाही.

आपल्या जातींचं काय, हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. मराठवाड्यातला कारवानी आणि शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ हे दोन्ही दृष्टीच्या जोरावर ससा धरणारे, विजेच्या वेगाचे कुत्रे. 2016 मध्ये मुधोळ कुत्रे लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आले. ऊन सोसणं हा त्यांचा मोठा गुण आहे. पण ससा दिसल्यावर धावणं आणि काहीच दिसत नसताना वासाला चिकटून राहणं या निराळ्या गोष्टी. माझं मत स्पष्ट आहे: कारवानी असो, गावठी असो की महागडा परदेशी, त्या एकेका कुत्र्याची तीच चेंडूची आणि तीच डब्याची परीक्षा घ्यावी. जो पास होईल तो घ्यावा. जातीचा अभिमान नको आणि जातीचा कमीपणाही नको.

७. भुंकणं आणि खोटं भुंकणं

निवड झाली, शिक्षण झालं. आता कामाआधीची परीक्षा.

स्फोटकं शोधणारा कुत्रा वास लागला की मुकाट बसतो, आणि त्याने तसंच करायला हवं. ढिगाऱ्यावरच्या कुत्र्याने मात्र भुंकायला हवं, कारण तो कित्येकदा हँडलरला, म्हणजे त्याला शिकवणाऱ्या जोडीदाराला, दिसतच नसतो. अमेरिकेतल्या फेमा या सरकारी आपत्ती यंत्रणेच्या चाचणीत कुत्र्याने लपलेल्या माणसापाशी सलग 30 सेकंद भुंकावं लागतं. हँडलर जवळ येऊन हाक मारेपर्यंत जागा सोडायची नाही. हे प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा. ढिगात मुद्दाम खाण्याचे पदार्थ आणि घातलेले कपडेही ठेवतात. कपड्यांना माणसाचा वास असतो, पण आत माणूस नसतो. त्यावर भुंकला तर तो खोटा इशारा.

एक उदाहरण सोडवून बघू. समजा तीन ढिगारे आहेत. पहिल्यात दोन माणसं, दुसऱ्यात एक, तिसरा रिकामा. वाघ्या तिन्ही माणसं शोधतो, पण रिकाम्या ढिगाऱ्यावरही एकदा भुंकतो. चांदणी दोन माणसं शोधते, एक चुकवते आणि रिकाम्या ढिगाऱ्यावर गप्प राहते. वरवर वाघ्या पुढे दिसतो. आता धरून चालू की एका इशाऱ्यामागे जवानांचे तीन तास खोदण्यात जातात. वाघ्याचे चार इशारे म्हणजे 12 तास, त्यातले तीन फुकट. त्या तीन तासांत दुसरीकडे कुणाचा तरी श्वास संपू शकतो. चांदणीने चुकवलेला माणूसही तितकाच जिवाचा.

मी दोघांनाही परत शिकायला पाठवीन, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. चांदणीला वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा सोडून बघावं, तिच्यापर्यंत वास पोचलाच नसेल. वाघ्याचं दुखणं खोल आहे. ‘भुंकलं की चेंडू मिळतो’ एवढंच तो शिकलाय, माणसाचा भाग निसटलाय. म्हणूनच खऱ्या कामात एका कुत्र्याच्या इशाऱ्यावर सहसा थांबत नाहीत, दुसरा कुत्रा आणतात. ज्युलीमागून रोमिओला आणलं ते यासाठीच.

८. परीक्षा नक्की कुणाची?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मला तो या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांच्या 18 जोड्या घेतल्या. जोडी म्हणजे कुत्रा आणि त्याचा हँडलर. त्यांना एका चर्चच्या खोल्यांत शोध घ्यायला सांगितलं. काही ठिकाणी लाल कागद लावले होते आणि जिथे कागद असेल तिथे वास लपवलाय, असं हँडलरना सांगितलं होतं. खरं तर एकाही खोलीत काहीही लपवलेलं नव्हतं. 144 वेळा शोध झाला. त्यातले फक्त 21 शोध एकाही इशाऱ्याशिवाय पार पडले. बाकीच्यांत मिळून 225 इशारे नोंदले गेले, आणि लाल कागदांपाशी त्यांची गर्दी झाली.

कुणीही मुद्दाम फसवत नव्हतं. हँडलरला उत्तर माहीत आहे असं वाटलं की त्याची चाल मंदावते, पट्टा सैल होतो, नजर तिथे रेंगाळते, आणि कुत्रा माणसाचं अंग वाचण्यात पटाईत असतो. किंवा कुत्र्याने साधं वळून पाहिलं तरी हँडलरला तो इशारा वाटतो. दोन्ही शक्यता आहेत आणि दोन्हींवर उपाय एकच आहे. माणसं कुठे लपली आहेत, किती आहेत, आहेत की नाहीत, यातलं काहीही हँडलरला ठाऊक नसलेल्या ढिगाऱ्यावर परीक्षा घ्यायची. गुण देणाऱ्यानेही शक्यतो नजरेआड राहायचं. आणि गुण द्यायचे ते जोडीला. तोच कुत्रा उद्या दुसऱ्या हँडलरबरोबर गेला, तर परीक्षा नव्याने घ्यायची.

९. तुमच्या गावात वेळ आली तर

24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली. पुण्याहून एनडीआरएफची पथकं श्वानांसह निघाली. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे 19 तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आला. आशा इतका वेळ टिकते, म्हणून अशा वेळी जमलेल्या लोकांचं वागणं फार मोलाचं ठरतं. कुत्रा आला की ढिगाऱ्यावरून खाली उतरा, कारण वर उभ्या असलेल्या पन्नास माणसांचा वास खालच्या एकाच्या वासावर चढतो. जेवणाची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, अंगावरचे कपडे तिथे टाकू नका. पथकाने सांगितलं की जेसीबी आणि जनरेटर बंद करा, शांत राहा, कुत्र्याला हाका मारू नका. घरात कोण होतं, कुठल्या खोलीत झोपत होतं, ही माहिती पथकप्रमुखाला जरूर द्या. कुत्र्याच्या हँडलरला मात्र, त्याचा शोध पुरा होईपर्यंत, बोट दाखवून काहीही सांगू नका.